उंट नसला तर?

हल्ली यास्नाबद्दल कुठे काही छापून आलं की तिचं बालपण एका वाक्यात उरकलेलं असतं. वडिलांच्या निधनानंतर काही वर्षं आईसोबत दुबईत. झालं! त्यापुढे लगेच सर्बियातलं विद्यापीठ, पहिलं पुस्तक, अतिवास्तववाद, आणि ती नव्या पुस्तकांवर जी परीक्षणं लिहिते ती वाचून तिथल्या नोवी साद शहरातले निम्मे कवी तिला पाहताच रस्ता कसा बदलतात त्याची वर्णनं. असली वाक्यं लिहिणाऱ्यांना दुबईतलं अल कुसैस कुठे आहे हे ठाऊक नसतं. प्रमिला कोण, हे तर नसतंच नसतं.

प्रमिलाला त्याचं काही वाटत नाही. ती अजून अल कुसैसच्या त्याच इमारतीत राहते आणि यास्नाच्या पुस्तकाचा फोटो आला की चष्मा लावून मुखपृष्ठ निरखते. मध्यंतरी तिने कॅनडातल्या आपल्या लेकाला फोन करून विचारलं, "अथर्व, सरिअलिस्ट म्हणजे काय रे?"

"मम्मा, इट मीन्स वियर्ड ऑन पर्पज."

"हात्तिच्या! मग ती पहिल्यापासूनच होती की," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तर त्या एका वाक्यात जे मावलं नाही, ते असं.

प्रमिला मूळची पेणची. चारुदत्तशी लग्न करून दुबईत आली तेव्हा तिला वाटलं होतं की माणसांनी गजबजलेलं शहर आहे, बोलायला कोणी ना कोणी मिळेलच. चारुदत्त दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पाइपांच्या कारखान्यात अकाउंट्स बघायचा. उजाडायच्या आत निघायचा आणि शारजाच्या बाजूच्या ट्रॅफिकला शिव्या देत अंधार पडल्यावर उगवायचा. त्याच्यात तेव्हा 'हो', 'नाही' आणि 'वाढ' एवढेच शब्द शिल्लक असायचे. अथर्व दुसरीत होता. त्याला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं आणि तेही टीव्हीकडे बघत. अशा घरात तोंडाचा पट्टा असलेल्या बाईने करायचं काय? प्रमिला भाजीशी बोलायची, कुकरला दटावायची, आणि वॉशिंग मशीन मध्येच थांबलं तर त्याची समजूत काढायची.

म्हणून समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्या बाईने एका दुपारी दार वाजवून "यू टेक केअर ऑफ चिल्ड्रन?" असं विचारलं, तेव्हा प्रमिलाने विचार न करता "येस, येस, कम, कम" म्हटलं. त्याआधी तिने अथर्वखेरीज कोणाचंही मूल सांभाळलं नव्हतं.

बाईचं नाव मिर्याना. सर्बियातली. उंच, ओढलेल्या चेहऱ्याची, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर नोकरी करणारी. तिची ड्यूटी संध्याकाळी सुटायची, शाळा दुपारी, आणि मधल्या वेळेत मुलीचं काय करायचं हा तिचा प्रश्न होता. नवरा नदीतल्या मालवाहू बोटीवर होता आणि आदल्या वर्षी बोटीवरच्या अपघातात गेला. नदीकाठच्या त्या गावात मिर्यानाला राहवेना. ओळखीतून इथली नोकरी मिळाली आणि ती सात वर्षांच्या लेकीला घेऊन निघून आली. हे सगळं तिने उभ्याउभ्या सांगितलं. मग म्हणाली, "दोन गोष्टी. पहिली, यास्ना बोलत नाही. ऐकू येतं, डॉक्टरांनी सगळं तपासलंय. आधी खूप बोलायची, आता बंद. दुसरी, तिच्या वडिलांचं नाव माझ्यासमोर प्लीज काढू नका. मला सहन होत नाही."

"डोन्ट वरी," प्रमिला म्हणाली, "इन्शाल्ला सगळं ओके." आणि तिने मिर्यानाला बळेच बसवून चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून यास्ना येऊ लागली. पांढुरक्या भुवयांची, गुडघ्यावर खरचटलेली, डोळे असे की समोरच्या माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. प्रमिलाने मनाशी ठरवून टाकलं की पोरगी भाषेवाचून अडली आहे. घरात सर्बियन, शाळेत इंग्रजी, खाली ग्रोसरीत मल्याळम, लिफ्टमध्ये हिंदी. एवढ्या गर्दीत बिचारीने बोलावं तरी कशात? तेव्हा एक कुठली तरी भाषा तिच्या कानावर सारखी पडली पाहिजे. आणि प्रमिलाकडे मुबलक अशी एकच भाषा होती.

झालं, धबधबा सुटला. कणीक मळताना कणकेविषयी, केर काढताना केराविषयी, गॅलरीत कपडे वाळत घालताना खालच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी कोणाला घासली त्याविषयी, प्रमिला यास्नाशी अखंड मराठीत बोलत राहिली. यास्ना ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून ऐकायची. इतकं मन लावून प्रमिलाचं बोलणं पेणमध्येही कोणी ऐकलं नव्हतं.

शिवाय प्रमिलाने तिला मधात उगाळून वेखंड चाटवलं. जीभ सुटायला बाळांना देतात तसं. चारुदत्तला कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"अगं, दुसऱ्याच्या मुलीला काहीबाही चाटवतेस? ही दुबई आहे. केस होईल!"

"अहो, वेखंड आहे ते. अथर्वलाही दिलं होतं."

"आणि अथर्व कुठल्या भाषेत बोलतो, ते बघतेस ना?"

वेखंडाचा उपयोग शून्य झाला. पोरीने फक्त तोंड वाकडं केलं.

पण बोलत नव्हती म्हणून ती गप्प होती असं कोणी समजू नये. तिचे उद्योग चालूच असायचे. प्रमिला दुपारी जरा पाठ टेकून उठली की घरात काहीतरी जागचं हललेलं असायचं. लाटणं उशीवर डोकं ठेवून पांघरुणात झोपलेलं. फ्लॉवरच्या गड्ड्याला चारुदत्तचा जुना चष्मा. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी अथर्वचा एक बूट, आणि बुटात चमचा. अथर्व किंचाळायचा, "मम्मा, शी इज सो वियर्ड!" प्रमिलाला मात्र ते बघून हसू फुटायचं. ती बूट काढायची, चमचा धुवायची आणि "काय गं, याला भूक लागली होती का?" असं विचारायची. यास्ना अगदी गंभीरपणे मान डोलवायची.

टीकाकारही ती तेव्हापासूनच. जेवण आवडलं तर ताट स्वतःकडे ओढायची. नाही आवडलं तर एका बोटाने ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत न्यायची, आणि जितकं वाईट तितकं कडेला. प्रमिलाच्या हातच्या पडवळाच्या भाजीचं ताट एकदा खाली पडता पडता राहिलं. चारुदत्त त्या भाजीला अनेक वर्षं निमूटपणे 'छान' म्हणत आला होता. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं.

असं सगळं मजेत चाललं असताना डिसेंबरात मिर्याना एका संध्याकाळी आली ती डोळे सुजवूनच. शाळेने बोलावून सांगितलं होतं. मुलगी एक शब्द बोलत नाही, वाचून दाखवत नाही, शिक्षकांना तिला काय येतं तेच कळत नाही. जानेवारीअखेर पुन्हा बसू. तोवर ती काहीही बोलली नाही, तर शाळा तिला ठेवू शकणार नाही. वेगळी शाळा मिर्यानाच्या ऐपतीबाहेरची होती, आणि नोकरी सोडून परत जावं तर तिथे खायला काय? उरला एकच मार्ग. यास्नाला सर्बियात तिच्या आजीकडे पाठवायचं, आणि मिर्यानाने इथे एकटीने राहायचं.

"वडील गेले," ती म्हणाली, "आता आईपण फोनवर."

पोरगी स्टुलावर बसून दोघींकडे बघत होती आणि तिला सगळं कळत होतं.

जानेवारी उजाडला. संक्रांत झाली आणि इमारतीतल्या शुभ्राकडे हळदीकुंकू निघालं. शुभ्रा एका मोठ्या कंपनीत एचआरला होती. बोलावणं मोबाइलवर, वाणात मायक्रोवेव्हला चालणारे डबे, आणि तिळगूळ पुण्याहून कुरियरने. त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणजे तेव्हाचा सुट्टीचा दिवस, पण मिर्यानाला क्लिनिकमध्ये जायचं होतं म्हणून यास्ना प्रमिलाकडेच होती. प्रमिलाने करामाच्या बाजारातून गजरे आणले होते. "दहा दिरहम! म्हणजे एकशे तीस रुपये झाले की हो, पेणला यात टोपली येते," असं म्हणत तिने एक स्वतः माळला, दुसरा यास्नाच्या पिवळ्या केसांत खोवला, आणि दोघी वर गेल्या.

हळदीकुंकू म्हटलं की उखाणे आलेच. एरवी नवऱ्याला हाक मारताना 'अहो' म्हणायचं, दुसऱ्याला सांगताना 'आमचे हे' किंवा 'अथर्वचे बाबा' म्हणायचं, आणि अशा दिवशी सगळ्या जणींनी "नाव घ्या, नाव घ्या" असा गिल्ला केला की दोन ओळी जुळवून त्यात नाव गुंफायचं, ही तिथली रीत. नवऱ्याला सर्रास नावाने हाक मारणारी शुभ्रासुद्धा त्या दिवशी लाजून बिजून नाव घेत होती.

प्रमिलाकडे लग्नापासून एकच उखाणा होता. तुळशीपुढची रांगोळी, पाच बोटांची नक्षी आणि शेवटी सगळ्या जणी साक्षी. तो इतका पाठ होता की तिला झोपेतही म्हणता आला असता. तिची पाळी आली. ती पदर सावरून उभी राहिली. आणि नेमकं त्याच क्षणी तिला आठवलं की आपण बाथरूमचा हीटर चालूच ठेवून आलोय. झालं! तुळस गेली, रांगोळी गेली. समोर शुभ्राच्या टीव्हीशेजारी कापसाचा एक उंट ठेवलेला होता. शुभ्राने हौसेने त्याला लोकरीचा स्वेटर विणून घातला होता. सगळ्या जणी वाट बघत होत्या. प्रमिलाच्या तोंडून बाहेर पडलं,

"शेख झायेद रोडवर उंटाने घातला स्वेटर,
चारुदत्तांचं नाव घेते, बंद करा हीटर!"

असा हशा उसळला की शुभ्राच्या हातातलं तबक कलंडलं आणि कुंकू गालिच्यावर सांडलं. प्रमिला लाजेने लालेलाल होऊन खाली बसली. तिला वाटलं, आता वर्षभर लिफ्टमध्ये आपल्याला 'उंट' म्हणतील. त्या गदारोळात तिच्या कानाजवळ एक वेगळाच आवाज आला. बारीक, घशात अडकत अडकत सुटणारा. यास्ना हसत होती. हसताना तिला आवाज असतो हे प्रमिलाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमिला ओट्याशी मेथी निवडत होती. यास्ना नेहमीच्या स्टुलावर. घरात कुकरच्या वाफेशिवाय आवाज नव्हता.

"उंट नसला तर?"

"नसला तर दुसरं काहीतरी घ्यायचं," प्रमिला मेथी खुडत म्हणाली. "काहीही चालतं. पुढे काहीतरी ठेवायचं आणि मागून नाव घ्यायचं, की—"

आणि मग तिचा हात थांबला. घरात तिसरं कोणी नव्हतं. अथर्व खाली खेळायला गेला होता. प्रश्न मराठीत होता, स्वच्छ, थोडा पेणच्या वळणाचा.

प्रमिलाला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, चारुदत्तला फोन लावावासा वाटला. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला गप्प बसायची अक्कल सुचली. चिमणी ओट्यावर आली की आपण कसे हलत नाही, तशी ती उभी राहिली आणि पुन्हा मेथी खुडायला लागली.

"मावशी," मागून आवाज आला, "तू काकांचं नाव घेत नाहीस. अहो म्हणतेस."

"आमच्यात असंच असतं."

"घेतलंस तर रडतेस?"

"रडायला काय झालं? लाज वाटते जराशी."

यास्नाने मेथीचं एक पान उचलून चुरडलं. मग म्हणाली, "आई रडते."

प्रमिलाच्या हातातली जुडी खाली पडली. तिला सगळं एकदम उमगलं, आणि उमगल्यावर तिचे डोळे भरून आले. या एवढ्याशा पोरीने कधीतरी आपल्या वडिलांचं नाव घेतलं असेल, आणि आई कोसळली असेल. मग तिने ते नाव तोंडाबाहेर पडू नये म्हणून जपायला सुरुवात केली. नुसतं एक नाव जपणं मोठ्यांनाही जमत नाही, सात वर्षांच्या मुलीला कुठून जमणार? तिने सरळ तोंडच बंद करून टाकलं. वेखंड काय करणार होतं तिथे!

"मग आता उंट ठेवायचा का पुढे?" प्रमिलाने नाक पुसत विचारलं.

"उंट जुना झाला," यास्ना म्हणाली.

त्या दिवसापासून प्रमिलाच्या घरात उखाण्यांचा नुसता कारखाना सुरू झाला. यास्नाने अथर्वचं नाव घेतलं, वॉचमनचं घेतलं, ग्रोसरीवाल्या अन्वरचं घेतलं. तिच्या उखाण्यांत टोमॅटो पोहायला जायचे, लिफ्टला सर्दी व्हायची, आणि चंद्र पार्किंगसाठी जागा शोधत फिरायचा. अर्थ विचारलात तर तिला राग यायचा. प्रमिलाने कौतुकाने आपला जुना तुळशीचा उखाणा म्हणून दाखवला. तो ऐकून यास्नाने, समोर ताट नसतानाही, एक बोट टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेलं.

हे सगळं खरं, पण मिर्याना दारात आली की तोंडाला टाळं! प्रमिलाने तिला सांगून पाहिलं, "शी टॉक्स! माय लँग्वेज! फुल्ल टॉकिंग!" मिर्याना खिन्न हसली. तिला वाटलं, बाई चांगली आहे, आपलं मन राखायला बोलते आहे. खरं कारण सांगायला मात्र प्रमिलाची जीभ रेटेना. तुझ्या रडण्याला भिऊन तुझी लेक मुकी झाली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? एरवी कोणालाही काहीही ऐकवणारी प्रमिला इथे कच खाऊन गेली.

आणि शाळेची भेट जवळ आल्यावर तर तिने घोळच घातला. शाळेत उखाणे थोडेच चालणार, तिथे इंग्रजी लागणार, असा विचार करून तिने यास्नाकडून घोकून घ्यायला सुरुवात केली. माय नेम इज यास्ना. माय मदर्स नेम इज मिर्याना. "से, से, रिपीट!" पोरीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू प्रमिलाही फितूर झाली. आणि ती पुन्हा गप्प झाली. मराठीही बंद, हसणंही बंद. लाटणं जागच्या जागी, बूट जागच्या जागी.

आदल्या संध्याकाळी प्रमिला चारुदत्तसमोर रडकुंडीला आली. "अहो, मीच बिघडवलं सगळं. बोलायला लागली होती हो."

चारुदत्तने बुटाची नाडी सोडता सोडता विचार केला. कमी बोलणाऱ्या माणसांचं हे एक बरं असतं, बोलतात तेव्हा नेमकं बोलतात. "तुला इंग्लिश शिकवायला कोणी सांगितलं? तू तुझं तेच बोल. दुसरं येतं काय तुला?"

रविवारी, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने कामाच्या पहिल्या दिवशी, तिघी शाळेत गेल्या. प्रमिलाने ठेवणीतली साडी नेसली होती. छोटीशी खोली, टेबलापलीकडे मिस लायबा, ही शाळेची समुपदेशक, लाहोरची, हसऱ्या चेहऱ्याची. तिच्याशेजारी सुपरवायझर बाई, हसण्याचा कंटाळा आल्यासारख्या. मिर्याना खुर्चीच्या कडेवर, मांडीवर हात घट्ट धरून.

मिस लायबाने मायेने विचारलं, "व्हॉट्स युअर नेम, स्वीटहार्ट?" यास्ना गप्प. "मम्माचं नाव?" गप्प. चित्रं दाखवली. सफरचंद, बस, मांजर. यास्ना मांजराकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. सुपरवायझर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आय थिंक, खलास. वी हॅव ट्राइड एनफ." मिर्यानाने डोळे मिटले.

"मॅडम, एक मिनिट!" प्रमिला उठलीच. "प्लीज, सिर्फ एक मिनिट."

आणि कोणी काही म्हणायच्या आत ती ठेवणीतल्या साडीसकट खाली फरशीवर बसली. मांडी घातली, पदर सावरला, आणि टाळ्या वाजवत मोठ्या आवाजात म्हणायला लागली, "नाव घ्या, नाव घ्या! यास्नाबाई, नाव घ्या!"

सुपरवायझर बाईंची भुवई कपाळात गेली. मिर्यानाला वाटलं, हिला काहीतरी झालं. पण प्रमिला थांबेना. हळदीकुंकवाला वीस जणी करतात तो गिल्ला ती एकटी करत होती, आणि आतून इतकी घाबरली होती की टाळी टाळीला लागत नव्हती.

यास्ना खुर्चीवरून उतरली. प्रमिलासमोर येऊन उभी राहिली.

"कोणाचं?"

मिर्यानाने झटकन डोळे उघडले.

"ज्याचं घ्यावंसं वाटतं त्याचं," प्रमिला म्हणाली.

यास्नाने एकदा आईकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळदीकुंकवातल्या बायकांसारखी मान खाली घालून, पण खणखणीत म्हणाली,

"चपलेत झोपला मासा, माशाच्या खिशात नदी,
बोगदानचं नाव घेते, रडू नको हं आधी."

मिर्यानाला त्यातला एकच शब्द कळला. बोगदान. वर्षभरात तिच्या कानावर न पडलेलं नाव, आणि तेही त्या आवाजात, जो आवाज आता विसरायला होईल की काय अशी तिला भीती वाटत होती.

"काय म्हणाली? त्याच्या आधी काय म्हणाली?" तिने प्रमिलाला विचारलं.

प्रमिलाने उरलंसुरलं सगळं इंग्रजी गोळा केलं. "फिश इज स्लीपिंग. इन चप्पल. फिशच्या पॉकेटमध्ये रिव्हर. देन पापाज नेम. अँड..." तिने मिर्यानाकडे पाहिलं. "अँड शी इज सेइंग टू यू, डोन्ट क्राय फर्स्ट. रोना मत. पहले से मत रोना."

मिर्यानाला कळलं. आपली मुलगी का बोलत नव्हती हे कोणी न समजावताच तिला कळलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले आणि रडली नाही. मोठ्या कष्टाने रडली नाही. मग हात पसरले, आणि यास्ना चार पावलांत तिच्या मांडीवर जाऊन बसली.

मिस लायबा ओढणीने डोळे टिपत हसत होती. "चप्पल में मछली! माशाल्ला, क्या बात है."

"बट व्हिच लँग्वेज इज धिस?" सुपरवायझर बाईंनी विचारलं. "हर फाइल सेज सर्बियन."

"मॅडम, जी असेल ती असो," लायबा म्हणाली, "मुलगी बोलते आहे, आणि तीही कवितेत. इंग्रजी माझ्यावर सोडा. ती कुठेही जात नाही." बाईंनी फाइल मिटली आणि "ओके देन," म्हणून त्या बाहेर गेल्या. जाता जाता त्यांनी यास्नाच्या केसांवरून हात फिरवला, हे प्रमिलाने नीट पाहून ठेवलं.

फरशीवरून उठायला प्रमिलाला लायबाचा हात धरावा लागला. पण जीव भांड्यात पडला होता. आता निघावं म्हणून तिने पर्स उचलली, तर मिर्याना जागची हलेना. तिने लेकीला पोटाशी धरलं होतं आणि ती कसला तरी विचार करत होती.

"मला सांग," ती प्रमिलाला म्हणाली, "हे कसं करतात? कोणीही करू शकतं?"

"एनीबडी. आधी काहीतरी ठेवायचं. एनी थिंग. मग नाव."

मिर्यानाने श्वास घेतला. मग तिच्या भाषेत, अडखळत, दोन ओळी म्हटल्या. प्रमिलाला त्यातलं काही कळलं नाही, शेवटचं नाव सोडून. ते घेताना मिर्यानाचा आवाज चिरकला, पण तिने ते पुरतं घेतलं.

यास्नाने नाक मुरडलं. आईच्या मांडीवर बसूनच ती तिच्याशी बोलायला लागली, त्यांच्या भाषेत, भराभर, हात नाचवत, वर्षभराचं साठलेलं एकदम. मिर्याना ऐकता ऐकता हसायला लागली, आणि हसता हसता शेवटी रडलीच, पण आता त्याला कोणी भीत नव्हतं.

"काय म्हणते?" प्रमिलाने न राहवून विचारलं.

"म्हणते, वाईट आहे," मिर्याना डोळे पुसत म्हणाली. "पहिली ओळ फारच शहाणी आहे. पुन्हा घे म्हणते."

आणि जे नाव वर्षभर कोणी समोर काढलेलं तिला सोसलं नव्हतं, ते मिर्यानाने पुन्हा घेतलं. मग पुन्हा. यास्नाला पसंत पडेपर्यंत ती ते घेत राहिली.